झोळीतलं वजन

१

लवंगा झाडावरून उतरवल्या की त्याच दुपारी देठ सोडवावे लागतात. ढीग तसाच ठेवला तर आतून तापतो आणि माल वाया जातो. म्हणून हंगामात आमच्या गावात दुपारी कुणी कुणाकडे गप्पांना जात नाही. ज्याच्या त्याच्या ओसरीवर ढीग असतो आणि ढिगाभोवती बायका. एका हातात घोस धरायचा, दुसऱ्या तळव्यावर दाबून पीळ द्यायचा; कळ्या इकडे, देठ तिकडे. एकदा हाताला वळण पडलं की डोळे मोकळे राहतात. मग माणूस इकडेतिकडे बघत बसतो. मी तशी बघत नसते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

माझी थोरली बहीण सालबिया आणि मी शेजारी राहतो, मधे फक्त मिरचीचा वाफा. माझा नवरा वारल्यापासून माझं जेवणखाण तिच्याकडेच असतं. तिची एकुलती एक लेक जाइना लग्न होऊन समोरच्या तर्नाते बेटावर गेली. घरात राहिले सालबिया आणि तिचा नवरा मुहदार. आणि तो कुसो. कुसो म्हणजे झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला, लांब शेपटीचा प्राणी; आम्ही त्याला हाकही त्याच नावानं मारायचो.

मी सांगतेय त्या हंगामाच्या आदल्या पावसाळ्यात कुसो आला. मशिदीमागच्या विजेच्या तारेवर कुसोची एक मादी चिकटून मेली. मुहदारभावोजींनी बांबूनं तिला सोडवलं. शेपटीचा वेटोळा तारेवरून सुटता सुटेना, मेल्यावरही. खाली पडली तेव्हा तिचं पोट हलत होतं. बाकीच्या बायका मागे सरल्या. सालबिया मात्र बसली, बिस्मिल्ला म्हणाली आणि तिच्या पोटपिशवीत हात घालून तिनं पिल्लू बाहेर काढलं. मूठभर जीव, पातळ कान, नुकतेच उघडलेले निळे डोळे. ते तिच्या बोटाला असं चिकटलं की दुसऱ्या कुणाकडे जाईना.

तिनं नेसायचा जुना सारोंग फाडला, खांद्यावरून तिरका घेऊन पोटाशी झोळी बांधली आणि त्यात त्याला ठेवलं. दिवसभर ते झोळीत झोपायचं. दिवेलागणीला डोकं बाहेर काढून पिकलं केळं खायचं. ती त्याच्याशी बोलायची, थोपटायची, काहीबाही गुणगुणायची.

"माझ्यासाठी कधी एवढं गायली नाहीस," मुहदारभावोजी म्हणायचे.

"तुम्ही कधी एवढे गप्प बसलात?" ती म्हणायची.

लवंगेच्या हंगामापर्यंत ते पिल्लू मांजराएवढं झालं होतं.

२

त्या दुपारी आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. ऊन कडक होतं, वाफ्यातल्या मिरच्या माना टाकून होत्या. सालबिया एका हातानं पीळ देत होती आणि अधूनमधून दुसऱ्या हातानं झोळी थोपटत होती. झोळी भरलेली, गोल, तिच्या मांडीवर टेकलेली. काहीच वेगळं नव्हतं.

मान दुखली म्हणून मी वर पाहिलं. छपराखालच्या आडव्या वाशावर कुसो झोपला होता. पोटात डोकं खुपसून, लोकरीच्या गुंड्यासारखा, शेपटीचं उघडं टोक वाशाला वेढून.

मी पुन्हा खाली पाहिलं. सालबियाचा हात झोळीवर होता.

"ताई, झोळीत काय आहे?"

"कुसो. दुसरं काय असणार?"

"तो वर आहे."

तिनं वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग झोळीत हात घातला आणि गुंडाळलेला टॉवेल बाहेर काढला. "अगं, हा राहिला आत," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. वय झालं आपलं, असं काहीतरी मी म्हणाले, आणि आम्ही पुन्हा घोस पिळायला लागलो.

दोन-चार घोस झाल्यावर माझ्या लक्षात आलं की टॉवेल तिच्या शेजारी चटईवर पडला होता आणि झोळी अजून तशीच होती. गोल, मांडीवर टेकलेली. कापड ताणलेलं.

पोट सुटलंय तिचं, असं मनाशी म्हटलं. बसल्यावर बायकांचं पोट तसं दिसतंच.

३

मग कुसोचं वागणं बदललं.

आधी तो उतरला की सरळ तिच्या अंगावर चढायचा. कुसोची चाल सावकाश असते. आधी हात पुढे, नीट पकड, मग शेपटी सोडायची. तसा तो खांबावरून तिच्या खांद्यावर आणि खांद्यावरून झोळीत शिरायचा. आता तो वाशाच्या पार दुसऱ्या टोकाला बसायला लागला, तिच्याकडे पाठ करून. तिनं केळं धरलं तर येईना. मी धरलं तर यायचा. एकदा ती त्याला घ्यायला उभी राहिली तेव्हा त्यानं दात विचकून फुत्कार टाकला. तिच्या तोंडाकडे बघून नव्हे. झोळीकडे बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाशावर नव्हता. मुहदारभावोजींनी परसातल्या बदामाच्या उंच झाडावर त्याला पाहिलं. भर दिवसा जागा होता. कुसो दिवसा असा कधी जागा बसत नाही. पानांत तोंड लपवून पडून राहतो. हा फांदीवर ताठ बसून घराच्या मागच्या दाराकडे बघत होता.

"गेला एकदाचा," भावोजी म्हणाले. "आता तरी ते फडकं सोड."

सालबियानं झोळी सोडली नाही. सवय झालीय, पाठीला आधार वाटतो, म्हणाली. मला ते पटलं. मीही नवरा गेल्यावर कितीतरी महिने त्याच्या पानाची पेटी रोज पुसून ठेवत होते. रिकाम्या हातांना काहीतरी लागतंच.

पण एके दिवशी तिनं मला खांदा चोळून द्यायला सांगितलं. ब्लाउज सरकवला तर झोळीची गाठ जिथे यायची तिथे एक खोल चर पडली होती, ओझ्याच्या दोरीनं हमालाच्या खांद्यावर पडते तशी. कातडी सोलून पुन्हा भरली होती, पुन्हा सोलली होती. मी तेल लावत होते तेव्हा तिनं डाव्या हातानं केळ्याचा एक तुकडा मोडून झोळीत सरकवला. न बघता. जशी आई बोलता बोलता पोराच्या तोंडात घास घालते.

"कुणाला देतेस?" मी विचारलं.

"हं?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं मी कशाबद्दल बोलतेय.

ती आत गेल्यावर मी चटई झटकली. केळ्याचा तुकडा कुठे सांडला नव्हता.

४

लवंगेचा व्यापारी टेम्पो घेऊन आला त्या दिवशी अंगणात वजनकाटा मांडला होता. जुना काटा, वर गोल तबकडी आणि लांब लाल सुई. पोती चढत होती, उतरत होती. शेवटचं पोतं उतरल्यावर सालबिया, उन्हानं दमलेली, काट्याच्या फळीवरच टेकली.

व्यापारी हसला. "मुहदार, ही पण द्यायची का?"

"घेऊन जा," भावोजी म्हणाले. "फक्त परत आणू नकोस."

सगळे हसले. मी सुईकडे बघत होते. सालबिया काटकुळी बाई आहे. आमच्या घराण्यात कुणाच्या अंगावर मांस धरत नाही. सुई नुकत्याच उतरलेल्या पोत्याच्या खुणेवर जाऊन त्याच्याही पुढे गेली. काटा जुना आहे, मी मनात म्हटलं. तेवढ्यात दिसलं की सुई थांबत नाहीये. थोडी पुढे, थोडी मागे. पुन्हा पुढे. सावकाश, एका लयीत.

सालबियाला तेव्हा ठसका लागला होता. खोकून खोकून तिचं सगळं अंग हलत होतं. त्या खोकण्याशी सुईचा काही संबंध नव्हता. ती आपली शांतपणे वर-खाली होत होती, झोपलेल्याची छाती होते तशी.

मी मुहदारभावोजींकडे पाहिलं. ते आता हसत नव्हते. तेही सुईकडेच बघत होते. त्यांनी सालबियाला हाताला धरून उठवलं आणि व्यापाऱ्याला म्हणाले की काटा दुरुस्त करून घे.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. चौकटीबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "रुकिया, ती आंघोळीलाही ते काढत नाही. झोपतानाही कुशीला घेते. मी एकदा हात लावला."

"मग?"

त्यांनी तळवा पँटला पुसला. मग म्हणाले, "गरम होतं," आणि निघून गेले.

५

इमामसाहेबांना आम्ही बोलावलं. ते तिच्याशी चांगलं बोलले, पाण्यावर कुराणातली आयत पढून ते दिलं, आल्याची कॉफी प्यायले. जाताना मला म्हणाले, लेक लांब गेलीय, माणूस एकटं पडतं. नातवंड आलं की सगळं विसरेल. मला ते बोलणं इतकं शहाणपणाचं वाटलं की त्या रात्री मला चांगली झोप लागली.

जाइना बाळंतपणाला येणारच होती. तिचा नवरा हालमाहेरा बेटावर खाणीत कामाला. तर्नातेत तिच्याजवळ कुणी नव्हतं. ती आली तेव्हा सालबियानं तिला जवळ घेतलं, पण एका अंगानं. झोळी मधे येऊ दिली नाही.

"याया, हे काय गं अजून?" जाइनानं आईला विचारलं. "कुसो तर गेला म्हणे."

"असू दे," सालबिया म्हणाली. "बाळ आलं की कामी येईल."

जाइना हसली. भावोजी उठून बाहेर गेले.

मुलगा झाला. काळाभोर, डोक्यावर भरपूर केस, आणि रडण्याचा आवाज एवढा की खालच्या आळीतून बायका विचारायला यायच्या. त्याला पोटदुखी होती. सुईणीनं सांगितलेलं सगळं केलं, तेल लावलं, शेक दिला. दिवसभर आळीपाळीनं आम्ही त्याला खांद्यावर घेऊन फिरायचो. जाइना, मी, भावोजीसुद्धा. फक्त सालबिया त्याला घेत नव्हती. तिच्याजवळ नेलं की ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "जागा नाही रे बाळा अजून. थांब जरा."

आजी नातवाला असं म्हणते याचं जाइनाला वाईट वाटायचं. मला वाईट वाटत नव्हतं. मला त्या 'अजून'ची भीती वाटायची. पण बाळंतिणीला मी काय सांगणार होते? काट्याची सुई हलली म्हणून? केळ्याचा तुकडा सापडला नाही म्हणून?

६

त्या दुपारी जाइनाला मी मसाल्याच्या पाण्याची वाफ द्यायला मागच्या न्हाणीत बसवलं होतं. अंगावरून चादर, खाली जायफळ-लवंगा उकळलेलं भांडं. बाळ पुढच्या खोलीत चटईवर रडत होतं. त्याच्या रडण्याकडे आमचं अर्धं लक्ष होतं, घरात बाळ असलं की असतं तसं.

रडणं थांबलं.

कमी होत होत नाही थांबलं. मधेच थांबलं, जसं कुणी दार लावावं.

"झोपला वाटतं," चादरीच्या आतून जाइना म्हणाली.

मी बघून येते म्हणाले. मागच्या दारातून आत येताना सहज वर नजर गेली तर बदामाच्या झाडावर कुसो होता, पार खालच्या फांदीवर उतरलेला. तोंड उघडं. आवाज नव्हता.

पुढच्या खोलीत सालबिया भिंतीला टेकून बसली होती आणि झुलत होती. चटई रिकामी होती. झोळी एवढी भरली होती की गाठीचं कापड खांद्यावरून उसवायला आलं होतं. कडेतून बाळाचं एक पाऊल बाहेर आलेलं दिसत होतं.

"बघ कसा गप्प झाला," ती कुजबुजली. "दोघं कशी छान झोपलीत."

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "दे त्याला माझ्याकडे," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखा होता, हे मला आठवतं. "दूध पाजायचंय."

"आता नको उठवूस."

मी झोळीत हात घातला. आत गरम होतं आणि ओलसर. बाळाची पाठ हाताला लागली, मान लागली. मी त्याला काखेखाली धरून वर उचललं. तो आला नाही. सालबियानं माझी दोन्ही मनगटं धरली होती, पण ती ओढत नव्हती, नुसती धरून होती आणि माझ्याकडे बघत होती. ओढ खालून होती. मी उचललं तेवढंच बाळ परत खाली गेलं. जोरानं नाही. सावकाश. घाई नसलेलं कुणी ओढावं तसं.

मग मी त्याचं बाहेर आलेलं पाऊल पाहिलं. घोट्याभोवती बोटं होती.

कुसोची पकड मला माहीत होती. त्याची दोन बोटं एका बाजूला येतात आणि तीन दुसऱ्या बाजूला. वर्षभर मी ती माझ्या बोटावर अनुभवली होती. ही तशी नव्हती. ही ओळीनं होती, आपल्यासारखी, आणि बाळाच्या बोटांपेक्षा खूप मोठी. नखं मऊ होती, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. मी बघतेय हे कळल्यासारखी ती एकेक करून सुटली आणि कापडाच्या घडीत आत गेली.

बाळ माझ्या हातात आलं. क्षणभर त्यानं श्वास घेतला नाही, मग घर दणाणून सोडलं.

नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. सालबियाचाच हात असेल. आतून धरला असेल तिनं त्याला. असं म्हणते आणि मग माझी मनगटं आठवतात. दोन्ही मनगटांवर तिची बोटं उमटली होती. ते वळ दुसऱ्या दिवसापर्यंत होते.

७

जाइनाला मी काही सांगितलं नाही. बाळाच्या घोट्यावर उमटलेले बोटांचे वळ दाखवले. ती उठली आणि सामान भरायला लागली. रूम बंदराच्या धक्क्यावरून संध्याकाळची बोट होती. मुहदारभावोजी पोचवायला म्हणून तिच्याबरोबर गेले. थोडे दिवस राहून येतो म्हणाले. निघताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. कुणीतरी त्या मुलाजवळ असायला हवं होतं.

सालबियाजवळही कुणीतरी हवं होतं. मी माझं अंथरूण तिच्या घरी आणलं.

ती रडली नाही, भांडली नाही. लेक न सांगता का गेली, असंही विचारलं नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पाय सुजले होते, उठताना भिंत धरावी लागायची. मी तिला माशाचं कालवण आणि पापेदा, साबूच्या पिठाची चिकट खळ, भरवायचे. ती दोन घास खायची आणि बाकीचं बाजूला ठेवायला सांगायची. ते मी ठेवायचे. नंतर वाडगा रिकामा असायचा. मी विचारायचं सोडून दिलं होतं. माझी बहीण आहे ती. आईच्या माघारी तिनं मला वाढवलं.

लवंगेचा हंगाम संपला. अंगणातल्या चटया गुंडाळल्या गेल्या. बदामाच्या झाडावरचा कुसोही दिसेनासा झाला. रानात वर गेला असावा.

एके दिवशी सकाळी मी वाफ्यातून मिरच्या तोडून आले तर सालबिया ओसरीवर उभी होती. ताठ. दोन्ही हात मोकळे. उन्हात ती दोरीवर काहीतरी वाळत घालत होती. जवळ गेले तेव्हा कळलं, झोळीचा सारोंग होता. धुतलेला, पिळलेला, सपाट. तिच्या पोटाशी काही नव्हतं. खांद्यावरच्या चरीवर तिनं हळद लावली होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला मिठी मारली. कितीतरी महिन्यांनी आमच्या दोघींच्या मधे काही नव्हतं. ती पूर्वीसारखी हलकी होती, हाडं लागत होती.

"सोडलीस गं शेवटी," मी म्हणाले.

"मग काय करू?" तिनं माझे डोळे पुसले. तिच्या तोंडावर थकवा होता आणि एक समाधान होतं, पोरं मार्गी लागल्यावर बायकांच्या तोंडावर असतं तसं. "मोठं झालं. आता कुठं मावतंय त्यात?"

मी दोरीवरच्या सारोंगाकडे बघितलं.

ती आत जायला वळली, मग थांबली. मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. माझं अंथरूण त्याच खोलीत होतं. मी पहाटे उठून गुंडाळायला विसरले होते. दाराच्या फटीतून अंधार दिसत होता. कुणीतरी खिडकीला आतून चादर लावली होती.

सालबियानं ओठांवर बोट ठेवलं.

"दिवसा आवाज करू नकोस हं," ती म्हणाली. "आत्ताच झोपलंय."

मी स्वयंपाकघरात गेले. दुपारचं जेवण शिजवायचं होतं. मी फळीवरचं मोठं पातेलं काढलं आणि चुलीवर ठेवताना दोन्ही हातांनी धरून, अगदी हळू, आवाज न करता खाली टेकवलं.